गाणाऱ्यासोबत श्रोत्यांनीही गावे काय?

भाऊबीज आटोपली की आपल्या जिल्ह्यात गावोगावच्या मंडईचे दिवस सुरू होतात. दिवसा दंडार, रात्री नाटक किंवा आर्केस्ट्रा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात घसा बसलेली मंडळी. रात्री काय केले असे विचारले तर उत्तर बहुधा ठरलेले असते, "काही नाही डॉक्टरसाहेब, थोडे गाणे म्हटले." म्हटले म्हणजे मंचावर नव्हे; खाली सतरंजीवर बसून, गाणाऱ्याच्या जोडीने. त्यांच्या शेजारी बसलेल्यांची तक्रार निराळी असते. आम्ही गायकाला ऐकायला गेलो होतो, शेजाऱ्याला नव्हे, असे ते म्हणतात आणि तेही खोटे नाही.

रीतीचा विचार केला तर हा वाद सुटण्यासारखा आहे. आपल्याकडे गाण्याचे दोन प्रकार पूर्वीपासून चालत आले आहेत. कीर्तनात बुवांनी गजर धरला आणि श्रोते गप्प बसले, तर बुवाच त्यांना टोकतात. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी (१९०९ ते १९६८) खंजिरीवर भजने गायिली आणि सामुदायिक प्रार्थना रुजविली, ती सर्वांनी मिळून म्हणावी म्हणूनच. पोवाड्यात शाहिराच्या मागे झीलकरी असतात. गोंडी रेला नाचगाण्यात तर गाणारा कोण आणि ऐकणारा कोण हे वेगळे काढताच येत नाही. याउलट ख्यालाच्या बैठकीत श्रोत्याने मान डोलवावी, समेवर 'वा' म्हणावे, एवढाच त्याचा वाटा. संगीत नाटकाच्या प्रेक्षकाला 'वन्स मोअर' देण्याचा हक्क होता, नटाबरोबर गाण्याचा नव्हता. म्हणजे जेथे गाणारा ध्रुपद श्रोत्यांवर सोपवितो तेथे ते उचलावे, जेथे सोपवीत नाही तेथे ऐकावे. शेजारी तिकीट काढून आलेला असेल तर त्याचाही विचार करावा. याहून अधिक शिष्टाचार सांगण्याचा अधिकार या सदराला नाही. आपला विषय शरीराचा आहे, आणि सोबत गाणे शरीराला मानवते काय, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही.

आधी चांगली बाजू पाहू. बसल्या जागी माणूस मिनिटाला साधारण १२ ते १८ वेळा श्वास घेतो, तोही बहुधा वरवरचा. गाताना मात्र ओळ संपेपर्यंत श्वास पुरवून सोडावा लागतो, आणि पुढच्या ओळीआधी तो झटकन व खोलवर घ्यावा लागतो. २००१ साली इटलीतील लुचियानो बर्नार्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २३ प्रौढ व्यक्तींकडून ख्रिस्ती जपमाळेची लॅटिन प्रार्थना आणि एक बौद्ध मंत्र म्हणवून घेतला. दोन्हींमध्ये श्वासाची गती मिनिटाला सुमारे ६ वर आली आणि रक्तदाब सांभाळणारी शरीराची यंत्रणा अधिक चांगले काम करू लागली, असे त्यांना दिसले. धर्म वेगळे, भाषा वेगळी, पण श्वासाची लय तीच. पुढे २०१३ साली स्वीडनमधील संशोधकांना असे आढळले की एकत्र गाणाऱ्यांच्या हृदयाची गतीसुद्धा गाण्याच्या लयीबरोबर एकदमच वाढते आणि एकदमच उतरते. भजनाला बसून आलेला माणूस "बरे वाटले" म्हणतो, त्यात केवळ भाविकपणा नाही. रक्तदाबाच्या रुग्णाने याच्या भरवशावर गोळ्या मात्र सोडू नयेत, हे वेगळे सांगायला नको. तरी सांगतो, कारण सोडणारे भेटतात.

मग घसा बसतो तो का? भजनी मंडळात दोन तास म्हटले तरी बसत नाही, आणि आर्केस्ट्रात चार गाण्यांत बसतो, असे का?

आपल्या गळ्यात, पुढे हाताला लागणाऱ्या उंचवट्याच्या आत, स्वरयंत्र असते. त्यात दोन नाजूक स्वरतंतू असतात. फुप्फुसातून येणाऱ्या हवेने ते एकमेकांवर आपटत कंप पावतात आणि आवाज निघतो. (हे जिवंत माणसाच्या गळ्यात चाललेले नीट पाहण्याची युक्ती १८५४ साली मान्युएल गार्सिया या गायनशिक्षकाने शोधली. दंतवैद्याचा छोटा आरसा, हातातला दुसरा आरसा आणि सूर्याचे ऊन, एवढ्यावर त्याने स्वतःचा गळा पाहिला. आम्हा डॉक्टरांना हे तंत्र एका गवयाकडून मिळाले आहे.) पेटीवरच्या काळी एक या पट्टीत पुरुषाने मधला सा लावला की हे तंतू सेकंदाला सुमारे १३८ वेळा आपटतात, म्हणजे मिनिटाला आठ हजारांहून अधिक वेळा. स्त्रियांची नेहमीची पट्टी काळी चार धरली तर सेकंदाला सुमारे २०८ वेळा. जितके वर जावे तितकी संख्या वाढते, आणि जोर लावला की प्रत्येक आपट अधिक जोराची होते.

येथेच पहिली अडचण आहे. भजनात पट्टी मंडळींना पाहून ठरते. पेटीवाला सर्वांना झेपेल असा सूर देतो. मंचावरची गायिका मात्र आपल्या गळ्याला सोयीची पट्टी घेते आणि ती तिने घेतलीच पाहिजे. खाली बसलेला पुरुष काळी चारमध्ये तिच्यासोबत गाऊ लागला की मुखड्यापर्यंत निभावते, अंतरा आला की तो टिपेला जातो. वरचा सा आता ४१५ च्या घरात असतो. सवय नसलेला पुरुष तेथे गात नाही, मान ताणून ओरडतो. उलट पुरुष गायकाच्या पट्टीत बायकांना खर्ज फार खाली पडतो, त्या आवाज दाबून म्हणतात. तेही गळ्याला सुखाचे नाही. एका सप्तकाने खाली उतरून गुणगुणणे हा साधा उपाय आहे. गळ्याच्या शिरा फुगल्या, हनुवटी वर गेली, की समजावे आपण पट्टी सोडून चाललो आहोत.

दुसरी अडचण याहून मोठी आहे. आपण किती मोठ्याने बोलावे हे आपला मेंदू कानाकडून शिकतो. भोवती गोंगाट असला की स्वतःचा आवाज ऐकू येत नाही आणि माणूस नकळत आवाज चढवितो. एत्येन लोंबार या फ्रेंच डॉक्टरने १९११ साली ही गोष्ट नोंदविली. गिरणीत काम करणारा माणूस घरी मोठ्याने बोलतो, त्याच्या मुळाशी बऱ्याच अंशी ही सवयच असते. आता मांडवात दोन्ही बाजूंना माणसाच्या उंचीचे स्पीकर उभे आहेत आणि आपण त्यांच्यापुढे बसून गात आहोत असे समजा. आपला आवाज आपल्याला मुळीच ऐकू येत नाही. सूर बरोबर आहे की चूक, जोर किती लागतो आहे, काहीच कळत नाही. ते कळते दुसऱ्या दिवशी सकाळी, चहा मागताना!

आणि केवळ गळाच नव्हे, कानही जातात. कामाच्या ठिकाणी ८५ डेसिबल आवाज आठ तासांपर्यंत चालेल असा एक मान्य हिशेब आहे. त्यावर दर तीन डेसिबलला वेळ निम्मा करावा लागतो. १०० डेसिबलला आठ तासांचे राहतात पंधरा मिनिटे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली गाण्याबजावण्याच्या ठिकाणांसाठी १०० डेसिबल हीच वरची मर्यादा सांगितली. यंत्र नसले तरी एक ओळखीची खूण आहे. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावे लागले तर तेथील आवाज कानाला धोक्याचा आहे. कार्यक्रमानंतर कानात किणकिण वाजत राहिली तर कानाच्या आतील बारीक केसांसारख्या पेशींना मार बसला आहे, असे समजावे. या पेशी एकदा मेल्या की पुन्हा येत नाहीत. बोटभर कापूस कोंबल्याने फारसा उपयोग होत नाही. औषधाच्या दुकानात मिळणारी कानात घालायची बुचे बरी, आणि स्पीकरपासून दूर बसणे त्याहून बरे. लहान लेकरांना तर खांद्यावर घेऊन डीजेपुढे नाचवूच नये. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला बंदी आहे, २००० सालच्या केंद्राच्या नियमांनुसार. वर्षातले मोजके दिवस शासन बारापर्यंत सूट देऊ शकते. नियम कागदावर चांगला आहे.

झाडीपट्टीचे नाटक रात्री सुरू होऊन पहाटेपर्यंत चालते. त्यात जागरण असते, कार्तिकाची थंडी असते, मध्येच कडक चहा आणि तोंडात खर्रा. पाणी कोणी पीत नाही. स्वरतंतूंवर ओलसर पातळ थर असतो, तो सुकला की आपटण्याचा त्रास दुप्पट जाणवतो. मध्यरात्री तिखट रस्सा खाऊन लगेच आडवे झालेल्यांच्या पोटातील आम्ल वर येऊन घशाला भाजते, त्याचा दोष मग बिचाऱ्या गाण्यावर येतो.

घसा बसलाच तर त्याला विश्रांती द्यावी. दोन-तीन दिवस कमी बोलावे, आणि बोलायचे तर हलक्या साध्या आवाजात. कुजबुजणे म्हणजे विश्रांती नव्हे. पुष्कळांचे स्वरतंतू कुजबुजताना अधिकच ताणले जातात. सारखे खाकरू नये, त्याऐवजी घोटभर पाणी प्यावे. कोमट पाणी, साधी वाफ पुरे. जेष्ठमध चघळायला हरकत नाही. पण रक्तदाब असणाऱ्यांनी तो रोज आणि भरपूर घेऊ नये, त्याने रक्तदाब वाढतो. ओरडता ओरडता आवाज एकदम पूर्ण गेला तर मात्र घरगुती उपाय करीत बसू नये. स्वरतंतूत रक्त उतरलेले असू शकते. बोलणे थांबवून कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवावे. आणि हेच दरवर्षी, दर सणाला चालू राहिले तर विळा धरणाऱ्याच्या तळहाताला पडतो तसा घट्टा स्वरतंतूंवरही पडतो. शिक्षक, भाजी विकणारे, गाणारे यांच्यात या गाठी दिसतात. बहुतेक गाठी आवाज नीट वापरायला शिकल्यावर कमी होतात.

आता एक गोष्ट जरा कठोरपणे सांगितली पाहिजे. आपल्या भागात आवाज घोगरा झाला की "मंडईत गाणे म्हटले" हे कारण फार सोयीचे पडते. गाण्याने बसलेला घसा आठवड्या-दीड आठवड्यात सुटतो. तीन आठवडे झाले तरी आवाज घोगराच असेल, आणि माणूस बिडी ओढणारा किंवा खर्रा खाणारा असेल, तर ते गाणे नव्हे. स्वरयंत्राच्या कर्करोगाची पहिली खूण बहुधा हीच असते, दुखणे नंतर येते. या पायरीवर सापडला तर तो बरा होण्याची शक्यता चांगली असते, आणि पुष्कळदा आवाजही वाचविता येतो. गोंदियाला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे; तेथे गळा पाहून घ्यायला फार वेळ लागत नाही. हंगाम उरकल्यावर जाऊ, धान विकल्यावर जाऊ, असे करू नये.

खोकणाऱ्यांनीही सोबत गाऊ नये. गाताना तोंडातून उडणारे सूक्ष्म तुषार साध्या बोलण्यापेक्षा जास्त असतात. मार्च २०२० मध्ये अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात एका गायनवृंदाच्या सरावाला ६१ जण जमले होते. त्यांतील ५३ जण आजारी पडले, काहींचा कोरोना तपासणीत सिद्ध झाला, काहींची लक्षणे तशीच होती, आणि दोघे दगावले. क्षयाचे जंतूही हवेतूनच पसरतात. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल तर आधी सरकारी केंद्रात थुंकी तपासून घ्यावी, ती तपासणी मोफत होते. भजन मग उघड्या ओसरीवर किंवा मांडवात करता येते.

ज्यांनी मात्र अवश्य गावे, आणि ज्यांना घरचेच गप्प बसवितात, अशांविषयी लिहिल्याशिवाय हा विषय संपविणे बरे नव्हे. लकवा होऊन उजवी बाजू लुळी पडलेल्या काही रुग्णांची वाचा जाते. पाणी हा शब्दही त्यांना उच्चारता येत नाही. तोच माणूस लहानपणापासून पाठ असलेला अभंग सुरू झाला की दोन-दोन ओळी शब्दांसकट म्हणतो! घरचे चकित होतात. कोणी म्हणते चमत्कार, कोणी म्हणते सोंग. दोन्ही नव्हे. बहुतेकांच्या मेंदूत बोलण्याचे काम मुख्यतः डाव्या भागात चालते, तर चाल आणि सूर सांभाळण्यात उजव्या भागाचा वाटा मोठा असतो. डावा भाग दुखावला तरी उजवा शाबूत असतो. हे हेरून अमेरिकेत बोस्टनच्या अल्बर्ट, स्पार्क्स आणि हेल्म या तिघांनी १९७३ साली एक उपचारपद्धती मांडली. रुग्णाला रोजच्या गरजेची छोटी वाक्ये चालीवर म्हणायला शिकवायची, आणि हळूहळू चाल काढून घ्यायची. नुसता अभंग म्हटल्याने बोलणे परत येत नाही, त्यासाठी वाचोपचार तज्ज्ञाकडून शिकावे लागते, आणि गुण सर्वांना सारखा येत नाही. पण आपल्या तोंडून शब्द निघू शकतो हे रुग्णाला स्वतःला कळणे, ही लहान गोष्ट नाही. स्मृतिभ्रंश झालेल्या म्हाताऱ्या माणसांचेही असेच आहे. नातवाचे नाव आठवत नाही, आरती आठवते.

अशा माणसाला लोक हसतील म्हणून भजनाला नेत नाहीत. नेलेच तर मागे भिंतीशी बसवितात, आणि तो बेसूर म्हणू लागला की गप्प राहा म्हणून खूण करतात. त्याला पेटीजवळ बसवावे. चाल थोडी संथ ठेवावी, म्हणजे त्याला शब्द गाठता येतात. वर सांगितलेल्या उपचारात रुग्णाच्या डाव्या हाताने ठेका धरवितात, तोही येथे आपोआप साधतो. टाळाला दोन्ही हात लागतात. चिपळ्या एका हाताने वाजतात, तेव्हा डाव्या हातात चिपळ्या द्याव्यात.