बातमी कुणाच्या तोंडून पसरते?

बेंगळुरूतल्या चिकपेटच्या गल्ल्यांत बातमी किती वेगानं फिरते, हे तिथल्या दुकानात काम करणाऱ्या कुठल्याही पोराला विचारावं. एकीकडे रेशमी साड्यांची घाऊक दुकानं, पलीकडे नगर्तपेटेत सोनं-चांदी गाळणाऱ्यांच्या खोल्या. या गलाईच्या धंद्यात विटा, खानापूर, आटपाडीकडची मराठी मंडळी बरीच. गावाकडून नवा पोरगा आला की खानावळ कुठली धरायची, ताप आला तर कुठला डॉक्टर परवडतो, कुणाच्या नादी लागायचं नाही, हे त्याला मालकापेक्षा दोन वर्षं आधी आलेला दुसरा पोरगाच जास्त सांगतो. म्हणजे आरोग्याचं शिक्षण इथं रोज चालूच असतं. ते बरोबर आहे की चूक, एवढंच कुणी तपासलेलं नसतं.

हेच बोलणं बरोबर माहितीनं भरता येईल का? तरुणांना शिकवून त्यांच्याच वयाच्या मुलांमध्ये आरोग्याच्या गोष्टी पोचवायच्या, या कल्पनेचा सगळा खेळ या प्रश्नात आहे. ७ जानेवारी २०१४ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात अशा मुलामुलींना ‘साथिया’ म्हणतात. हजार लोकवस्तीमागे दोन मुलगे आणि दोन मुली, आणि विषय सहा: पोषण, लैंगिक व प्रजनन आरोग्य, मानसिक आरोग्य, हिंसा व अपघात, व्यसनं, आणि मधुमेह-रक्तदाबासारखे असंसर्गजन्य आजार. कर्नाटकात ‘युवा स्पंदन’ हा उपक्रम राज्याचा युवा सबलीकरण व क्रीडा विभाग आणि बेंगळुरूची निम्हान्स ही मानसिक आरोग्याची संस्था मिळून चालवतात. त्यातल्या प्रशिक्षित तरुणांना ‘युवा परिवर्तक’ असं नाव आहे.

पण मोठ्यांनी सांगितलेलं कानाआड होतं आणि मित्रानं सांगितलेलं रुततं, असं का व्हावं? २०११ साली जेसन चेन आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांच्या गटानं एक मजेशीर प्रयोग केला. माणसांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपवून गाडी चालवण्याचा खेळ खेळायला दिला: दिवा पिवळा झाला की थांबायचं की दामटायचं? एकदा खेळणारा एकटा, आणि एकदा ‘तुझे मित्र शेजारच्या खोलीतून बघताहेत’ असं सांगून. मित्र बघताहेत एवढ्यावरच किशोरवयीन मुलं जास्त धोका पत्करू लागली, आणि बक्षिसाच्या आशेनं जागे होणारे त्यांच्या मेंदूतले भाग उजळले. मोठ्या माणसांमध्ये हा फरक दिसला नाही. मित्रांच्या नजरेला त्या वयात केवढी किंमत असते, हे मेंदूच सांगत होता. पहिली सिगारेट जिच्यामुळे ओठाला लागते तीच ही ओढ. ती उलट्या दिशेनं वळवता आली तर?

ब्रिटनमध्ये हे करून पाहिलं गेलं. ‘असिस्ट’ नावाच्या या अभ्यासात इंग्लंड आणि वेल्समधल्या ५९ शाळांतली बारा-तेरा वर्षांची १०,७३० मुलं होती. निष्कर्ष २००८ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. त्यातल्या काही शाळांत, तुम्ही कुणाला मानता, कुणाचं ऐकता, हे मुलांनाच विचारलं आणि ज्यांची नावं जास्त आली त्यांना शाळेबाहेर नेऊन दोन दिवसांचं प्रशिक्षण दिलं. पुढचे दहा आठवडे त्यांनी ना वर्ग घेतला, ना भाषण केलं. बसमध्ये, जेवणाच्या सुट्टीत, घरी जाताना विषय निघेल तसं बोलायचं आणि कुणाशी काय बोललो ते वहीत टिपायचं, एवढंच काम. दोन वर्षांच्या एकूण पाठपुराव्यात या शाळांतल्या मुलांमध्ये नियमित धूम्रपानाची शक्यता उरलेल्या शाळांच्या तुलनेत सुमारे २२ टक्क्यांनी कमी आढळली. गप्पांचा इतका परिणाम!

यातली खरी किल्ली निवडीत आहे, आणि तिचा सुंदर पुरावा कर्नाटकातूनच आला. अभिजित बॅनर्जी, अरुण चंद्रशेखर, एस्थर डुफ्लो आणि मॅथ्यू जॅक्सन या अर्थशास्त्रज्ञांनी इथल्या खेड्यांत लोकांना साधा प्रश्न विचारला: गावात नाटक किंवा जत्रा भरवायची असेल आणि बातमी सगळ्यांपर्यंत पोचवायची असेल, तर आम्ही कुणाला सांगावं? लोकांनी नावं दिली. संशोधकांकडे त्या गावांतल्या ओळखीपाळखीचा, येण्याजाण्याचा नकाशा होता. तो ताडून पाहिला, तर लोकांनी घेतलेली नावं जाळ्याच्या अगदी मोक्याच्या जागी बसलेली निघाली. आणि ती नुसती मानाच्या पदांवरची किंवा गोतावळा मोठा असलेली माणसं नव्हती. जो नकाशा काढायला संशोधकांना घरोघर फिरावं लागलं, त्याचं मर्म गावकऱ्यांना बसल्या जागी ठाऊक होतं! पुढे हरियाणातल्या ५२१ गावांत लसीकरण शिबिरांची बातमी काही ठिकाणी अशा लोकांकडे दिली, काही ठिकाणी चिठ्ठ्या टाकून निवडलेल्यांकडे. लोकांनी सुचवलेली माणसं जिथं होती, तिथं दर महिन्याला लस घेणारी मुलं २२ टक्क्यांनी जास्त भरली.

आता आपल्याकडची नेहमीची पद्धत आठवा. शाळेत ‘आरोग्यदूत’ निवडायचा म्हटलं की शिक्षकांचं बोट पहिल्या बाकावरच्या, अक्षर सुंदर असणाऱ्या मुलीकडे जातं. ती पोस्टर उत्तम वाचून दाखवते. पण मागच्या बाकावर गुटखा चघळणारा मुलगा तिच्याशी बोलतच नाही. जगभरातल्या अशा कार्यक्रमांचा आढावा घेणाऱ्या अभ्यासकांना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली आहे: सर्वांत जास्त फायदा होतो तो प्रशिक्षण घेतलेल्या मुलांनाच, बाकीच्यांच्या वागण्यात फरक पडतोच असं नाही.

प्रशिक्षणात शिकवायचं तरी काय? शरीराची माहिती थोडी, बाकी बरंचसं बोलण्याचं शास्त्र. न हसता ऐकणं. ‘मला माहीत नाही, विचारून सांगतो’ म्हणण्याची हिंमत. ऐकलेलं चार ठिकाणी न बोलणं. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे आपली मर्यादा ओळखणं: मित्र जीव देण्याची भाषा बोलू लागला, किंवा कुणी त्याच्यावर अत्याचार करत असल्याचं कळलं, तर ते गुपित म्हणून पोटात ठेवायचं नाही, जाणत्या माणसाकडे न्यायचं. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली ‘टेली मानस’ ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, क्रमांक १४४१६, अशा वेळी हाताशी असावी. तिचं मुख्य केंद्र निम्हान्सच, चिकपेटपासून काही किलोमीटरवर.

असे प्रयत्न आपल्याकडेही झाले आहेत. गोव्यात ‘संगाथ’ संस्थेनं ‘युवा मित्र’ उपक्रमात सोळा ते चोवीस वयाच्या तरुणांसाठी समवयस्क शिक्षक, शिक्षकांचं प्रशिक्षण आणि माहितीपत्रकं यांची जोड दिली. तुलनेसाठी घेतलेल्या वस्त्यांपेक्षा तिथं हिंसा करण्याचं आणि नैराश्याचं प्रमाण कमी आढळलं.

पुन्हा चिकपेटकडे येऊ. १८९८ मध्ये बेंगळुरूच्या या जुन्या पेटेत प्लेग शिरला, तेव्हा याच दाट वस्तीनं त्याला वाट दिली, आणि शहराला बसवनगुडी-मल्लेश्वरमसारख्या मोकळ्या वसाहती उभारण्याची घाई झाली. दाटीतून रोग पसरतो, अफवा पसरते, आणि शहाणपणही पसरतं. ते कुणापासून सुरू करायचं हे मात्र ठरवावं लागतं. त्यासाठी यादी करायला बसलेल्या मोठ्यांनी आधी मुलांना विचारावं, ‘तुम्ही कुणाचं ऐकता?’ उत्तरात जे नाव येईल ते आपल्याला पटणारं नसेल, तरी प्रशिक्षण त्यालाच द्यावं.