आई होडीत बसली!

मैत्रिणींनो, समुद्राकाठी राहणाऱ्या आपण बायका समुद्रावर जातो तरी किती वेळा हो? पाहुणे होडीतून भटकून येतात आणि आपण मागे मोदकांची उकड काढत बसतो. माझं सासर रत्नागिरी, माहेर दापोली. लग्न होऊन आल्यापासून चाळीस वर्षं आईने हर्णैचा सुवर्णदुर्ग काठावरूनच बघितला. या जानेवारीत मी शाळेतून रजा काढली (अर्धवेळ असले तरी मागावीच लागते!) आणि म्हटलं, "आता तू चलच."

"अगं, आणि ह्यांचं जेवण?" पहिला प्रश्न हाच.

दापोलीहून हर्णै पंधराएक किलोमीटर. सकाळी समुद्र शांत असतो, म्हणून डॉल्फिन बघायचे तर लवकर निघावं. अगदी उपाशी जाऊ नये, तडस लागेपर्यंत खाऊही नये. आम्ही दोन-दोन घावन खाल्ले, आलेपाक पदराशी ठेवला. साडी सुती, वर खोचता येईल अशी. जाकीट मात्र मागून घ्याच, साडीवर कसं दिसेल ते राहू द्या.

बंदर मागे पडलं आणि पाण्यातून एक करडी पाठ वर आली. मग दुसरी, तिला अगदी चिकटून एक लहानगी. होडीवाल्याने हौसेने इंजिनाचा वेग वाढवला. तशी आई एकदम म्हणाली, "नका हो मागे लागू, लेकुरवाळी आहे ती!" त्याने इंजिन बंद केलं. डॉल्फिन मासा नव्हेच. पिल्लाला दूध पाजतो, श्वासासाठी वर येतो. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे. पाठलाग केला तर ती दूर जातात. आम्ही गप्प बसलो तर पुन्हा वर आली.

मला गणपतीपुळ्याचं देवमाशाचं पिल्लू आठवलं. २०२३ च्या दिवाळीत ते वाळूत अडकलं होतं. माणसांनी झटून त्याला परत पाण्यात नेलं, पण ते वाचलं नाही. आईने तेव्हा विचारलं होतं, "आणि त्याची आई कुठे असेल गं?"

मग सुवर्णदुर्ग. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हटलं, त्यांतला हा एक. उतरताना पाण्यातच पाय टाकायचा. आईने माझा हात घट्ट धरला, पण उतरली. दरवाजाशी कोरलेलं कासव, भिंतीवरचा मारुती. दोघांना नमस्कार झाला. आत पडकी जोती, पाण्याची टाकी आणि रानगवत. पिण्याचं पाणी घरूनच न्या.

नंतर बराच वेळ ती वाळूत पाय पसरून बसली. हर्णैकडे बघत म्हणाली, "इथून आपला किनारा एवढासाच दिसतो होय!"

दुपारी घरी आलो तर बाबांनी स्वतः भात टाकला होता. खालून करपला होता. आई काही बोलली नाही, दोनदा वाढून घेतला.