आकडे वाचायला शिकू या (भाग 5) : व्ह्यूज वाढले, प्रेक्षक वाढले का?

मागच्या भागात यूट्यूब स्टुडिओ आणि इन्स्टाग्राम इनसाइट्स कुठे सापडतात ते पाहिलं. या भागात त्यांत अलीकडे झालेले बदल समजून घेऊ.

उदाहरण आपल्या चारठाण्याचंच घेऊ. जिंतूर तालुक्यातल्या या गावात जुनी मंदिरं आहेत, बारव आहे, उंच कोरीव स्तंभ आहे. समजा, गावातल्या एका मुलीने गोकुळेश्वर मंदिरावर चाळीस सेकंदांचा शॉर्ट आणि बारा मिनिटांचा सविस्तर व्हिडिओ केला. शॉर्टला वीस हजार व्ह्यूज मिळाले, मोठ्या व्हिडिओला सहाशे. घरचे म्हणतील, मोठे व्हिडिओ सोड, शॉर्टच कर. हा सल्ला ऐकण्याआधी व्ह्यू कसा मोजतात ते माहीत हवं.

31 मार्च 2025 पासून यूट्यूबने शॉर्ट्सची मोजणी बदलली. शॉर्ट सुरू झाला किंवा पुन्हा फिरला की एक व्ह्यू. किती सेकंद पाहिला याची अट नाही. जुन्या पद्धतीची मोजणी मात्र ‘एंगेज्ड व्ह्यूज’ या नावाने ॲनालिटिक्समध्ये ठेवली आहे. कमाई आणि पार्टनर प्रोग्रॅमची पात्रता त्याच आकड्यावर ठरते. आठवडी बाजारात दुकानासमोरून गेलेला प्रत्येक जण गिऱ्हाईक नसतो. म्हणून वीस हजारांतले एंगेज्ड किती, हे आधी पाहा.

इन्स्टाग्रामनेही ऑगस्ट 2024 मध्ये रील, फोटो, स्टोरी या सगळ्यांसाठी ‘व्ह्यूज’ हे मुख्य माप केलं. एकाच माणसाने रील पाच वेळा पाहिलं तर व्ह्यूज पाच होतात, रीच मात्र एकच राहतो. हे दोन्ही आकडे शेजारी ठेवूनच वाचावेत.

मोजणीची व्याख्या किती फरक पाडते, हे 2016 मध्ये फेसबुकच्या बाबतीत दिसलं. व्हिडिओ पाहण्याचा सरासरी वेळ काढताना तीन सेकंदांच्या आत निघून गेलेल्यांना भाजकातून वगळलं होतं. हिशेब करून पाहा. शंभर जणांनी मिळून सहाशे सेकंद पाहिलं, तर सरासरी सहा सेकंद. त्यातले चाळीस जण लगेच निघून गेले म्हणून साठनेच भागलं, तर सरासरी दहा सेकंद दिसते. व्हिडिओ तोच, प्रेक्षक तेच, आकडा मात्र फुगला. जाहिरातदारांनी जाब विचारला आणि फेसबुकला चूक मान्य करावी लागली.

आता खरोखर उपयोगी सुविधांकडे वळू. सगळ्यांत मोलाचा आहे रिटेन्शनचा आलेख. व्हिडिओच्या कोणत्या क्षणी किती जण टिकून होते, ते तो दाखवतो. रेषा सपाट असेल तर लोक थांबले आहेत. खड्डा दिसला तर तिथे ते निघून गेले किंवा त्यांनी व्हिडिओ पुढे ढकलला. उंचवटा असेल तर तो भाग पुन्हा पाहिला गेला. आपल्या मुलीच्या आलेखात पहिल्या तीस सेकंदांत, स्वागत आणि सबस्क्राइबच्या विनंतीपाशी, खड्डा दिसला आणि खांबावरचं कोरीवकाम जवळून दाखवलं तिथे उंचवटा आला, असं धरा. पुढचा व्हिडिओ कुठून सुरू करायचा, ते तिला तिथेच कळतं.

2025 मध्ये यूट्यूबने प्रेक्षकांचे तीन गट वेगळे केले : नवे, अधूनमधून येणारे आणि नियमित. गेल्या वर्षभरात सहा किंवा अधिक महिने चॅनल पाहणारे ते नियमित. छोट्या गावातल्या चॅनलसाठी हा गट फार महत्त्वाचा, कारण पुढची मंदिरमालिका टिकणार आहे ती याच लोकांच्या जोरावर.

‘टेस्ट अँड कम्पेअर’ ही सुविधाही वापरून पाहा. एका व्हिडिओला तीनपर्यंत थंबनेल लावता येतात आणि निकाल क्लिकवर नव्हे, तर पाहण्याच्या वेळेवर लागतो. भडक चित्र लावून माणूस आत आला आणि लगेच गेला, तर ते चित्र हरतं. इन्स्टाग्रामचे ट्रायल रील्स आधी फॉलोअर नसलेल्यांना दाखवले जातात, त्यामुळे नवा प्रयोग बिनधास्त करता येतो.

हे सगळं वापरताना आपला हेतू आधी ठरवा. कमाई हवी असेल तर एंगेज्ड व्ह्यूज आणि वॉच टाइम पाहा. गावचा वारसा लोकांच्या मनात रुजवायचा असेल तर बारा मिनिटं टिकून राहिलेले दोनशे जण वीस हजार व्ह्यूजपेक्षा मोठे आहेत, हे मी ठामपणे सांगेन. व्हिडिओ पाहून बारव बघायला किती जण आले, हे मात्र कुठलंच ॲप सांगत नाही. त्यासाठी गावात येणाऱ्यांनाच विचारावं लागेल.

या आठवड्याचा अभ्यास : तुमचा सर्वाधिक व्ह्यूजचा आणि सर्वाधिक सरासरी वेळ पाहिला गेलेला, असे दोन व्हिडिओ शोधा. दोघांचे आलेख पाहून पहिला मोठा खड्डा कोणत्या सेकंदाला आहे, ते वहीत लिहा. पुढच्या भागात पाहू : प्रेक्षक कुठून येतात – शोधातून, शिफारशीतून की व्हॉट्सॲपवरच्या लिंकवरून.