मधला पिकअप वाजत नाही

पुण्यातल्या घरी माझा बेस गिटार पहिल्यांदा ॲम्पला जोडला, त्या संध्याकाळी मी मुद्दाम जुन्या चोकची ट्यूबलाइट लावून ठेवली होती. तारांचा आवाज उचलणारा पिकअप साधा असेल, तर गिटार अशा उजेडात हमखास गुणगुणते. अमेरिकेतली वीज सेकंदाला ६० आवर्तनांची, त्यामुळे तिथली गुणगुण बी फ्लॅट आणि बी यांच्या मध्ये कुठेतरी पडते. आपली वीज ५० आवर्तनांची, म्हणजे जवळपास खालचा जी. सगळा जन्म कॅलिफोर्नियात गेलेलं हे वाद्य इथे कसं वागेल, या काळजीने मला धड जेवण गेलं नव्हतं.

माझा बेस १९७७ चा, अलेम्बिकचा, ‘सिरीज वन’. अलेम्बिक म्हणजे किमयागारांचं अर्क काढायचं भांडं. ग्रेटफुल डेड या बँडचा आवाज सुधारायला सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात जी मंडळी जमली, त्यांनी १९६९ मध्ये हे नाव घेतलं. रॉन विकरशॅम हा त्यांतला इलेक्ट्रॉनिक्सचा जाणकार, अँपेक्स या टेपरेकॉर्डरच्या कंपनीतून आलेला. लाकडाची बाजू रिक टर्नरची. १९७२ मध्ये त्यांनी जेफरसन एअरप्लेन या बँडच्या जॅक कॅसडीला पहिला बेस करून दिला. पुढे बेसवादक स्टॅन्ली क्लार्कचं वादन ऐकून टर्नर त्याला भेटला आणि वादन सुंदर पण आवाज वाईट, असं तोंडावर सांगून आपला बेस हातात ठेवला. क्लार्कने पुढे अनेक वर्षं अलेम्बिक वाजवला.

लिओ फेंडरच्या १९५१ च्या बेसची दांडी चार स्क्रूंनी धडाला जोडलेली. कारखान्यात झपाट्याने बनावी, बिघडली तर बदलावी, हा त्यातला शहाणपणा. अलेम्बिकमध्ये दांडी मेपल आणि जांभळट पर्पलहार्टच्या उभ्या पट्ट्या चिकटवून घडवलेली, वरच्या टोकापासून घोडीखालपर्यंत सलग. धड तिच्या दोन बाजूंना पंखांसारखं लावतात. त्यामुळे स्वर लांबतो, विरायला वेळ घेतो, असं मानतात. माझ्या बेसचा दर्शनी भाग कोकोबोलोचा. हे मध्य अमेरिकेतलं लाकूड आपल्या शिसवीच्याच कुळातलं. पर्पलहार्टचा जांभळा रंग उजेडाने तपकिरी होत जातो. कायम झाकल्या राहिलेल्या कडेला अजून मूळ रंगाची रेघ आहे. ती मी कुणालाही आधी दाखवतो.

तारांखाली तीन पिकअप दिसतात. मधला तारांचा आवाज घेतच नाही. त्यात चुंबक नाही, नुसती तारेची कॉइल. बाकीचे दोन पिकअप तारांबरोबर खोलीतल्या विजेची गुणगुणही उचलतात. मधला फक्त गुणगुण उचलतो आणि आतलं सर्किट ती दोघांच्या आवाजातून वजा करतं. हेच काम दोन कॉइलचा हंबकर १९५०च्या दशकापासून करत होता, पण तो तारेला दोन जागी ऐकतो आणि वरच्या स्वरांची धार थोडी बोथट होते. विकरशॅमला ती धार हवी होती. त्यासाठी त्याने पिकअपला कमी वेढे दिले. आवाज स्वच्छ झाला, पण क्षीण, म्हणून तो वाढवणारा प्रीॲम्प बेसच्या पोटातच बसवला. त्याला वीज पुरवणारी पेटी वेगळी, पाच पिनांच्या केबलने जोडायची.

जपणुकीचं निम्मं काम या पेटीचं आहे. ती ११० व्होल्टची, इथे तिच्यामागे ट्रान्सफॉर्मर लागतो. पूर्वी एका दुरुस्तीवाल्याने ‘जुनं सर्किट काढून आजचं टाकू’ म्हटलं होतं. मी बेस उचलून घरी आणला. ते सर्किट काढलं तर उरलं असतं ते फक्त महागडं लाकूड. पावसाळ्यात दांडी हलते. ती सरळ करायला आत दोन सळया आहेत. त्या पाव आट्याहून जास्त फिरवत नाही, आणि एक रात्र जाऊ दिल्याशिवाय पुन्हा हात लावत नाही.

त्या संध्याकाळी बेस गुणगुणला, अगदी पुसट. मागची पट्टी उघडली. गुणगुणीचा तोल साधायला आत बारीक स्क्रू असतात. डाव्या हाताने तारा दाबून धरून उजव्याने पहिला स्क्रू केसभर फिरवला. आवाज बारीक होत गेला आणि एका जागी थांबला. व्हॉल्यूम पूर्ण उघडा होता, ट्यूबलाइट चालू होती, आणि खोलीत फक्त पंखा ऐकू येत होता.