नुसतं वाचलं तरी

"मामा, आम्ही नुसतं वाचतो, तरी मेमरी भरते." भाची जेवताना हे बोलली आणि माझा घास हातातच राहिला. वाचल्यानं पुस्तक जाड होतं का कुठं? दुसऱ्या दिवशी बाणेरला तिच्या ऑफिसात जाऊन बसलो.

तिचा पायथन प्रोग्रॅम लाखो शब्दांचा कोश मेमरीत चढवतो, मग फोर्क करून 8 प्रोसेस काढतो. लिनक्स तेव्हा कोशाच्या प्रती काढत नाही, सगळ्यांना तीच पानं दाखवतो. कुणी पानावर लिहिलं, तरच त्या पानाची वेगळी प्रत. पान 4096 बाइटचं.

तिनं एका प्रोसेसला शब्द वाचायला लावले. पडद्यावरचा 'प्रायव्हेट डर्टी'चा, म्हणजे लिहिल्यामुळे वेगळ्या झालेल्या पानांचा, आकडा चढायला लागला. कुणी काही लिहीत नव्हतं, तरी चढत होता. मला ते बघवेना.

पायथनच्या प्रत्येक वस्तूच्या माथ्यावर एक मोजणी असते: मला किती जणांनी धरलंय? धरलं की एक वाढतो, सोडलं की एक कमी. ही मोजणी म्हणजे लिहिणंच. एका आकड्यापायी 4096 बाइटची नक्कल!

"सातबारा नुसता बघायला जावं आणि फेरफार पडावा, तसं आहे बघ," ती म्हणाली. "8 भाऊ बघून आले आणि जमिनीची वाटणी झाली."

इन्स्टाग्रामच्या इंजिनिअरांनाही आधी याच मोजणीचा संशय आला होता. त्यांच्याकडे खरा दोषी निघाला गार्बेज कलेक्टर, नको झालेल्या वस्तू शोधून काढणारा. फेरी मारताना तोही वस्तूंच्या माथ्यावर खुणा लिहितो. त्यांनी तो बंदच केला, 2017 साली तसं सांगितलं. पुढे पायथन 3.7 मध्ये वस्तूंना त्या फेरीतून वगळणारं 'जीसी.फ्रीझ' आलं. रूबी भाषेनं 2013 मध्येच अशा खुणा वस्तूंपासून वेगळ्या काढून ठेवल्या होत्या. 2023 च्या पायथन 3.12 नं 'नन', 'ट्रू' अशा थोड्या वस्तू अमर केल्या, त्यांची मोजणी हलतच नाही. भाचीच्या लाखो शब्दांना मात्र ते अमरत्व नाही.

म्हणून ती दुपारभर शब्द एकामागून एक चिकटवत एकच लांब बाइटमाळ करत होती. सोबत कुठला शब्द कुठं सुरू होतो, याची तशीच एकसंध यादी. लाखो माथ्यांच्या जागी दोनच. किती चिकाटीचं काम! मला ते धान्य निवडण्याइतकं घरचं वाटलं.

संध्याकाळी तिनं पुन्हा वाचायला लावलं. आकडा थोडा हलला आणि थांबला. ती खुर्चीत पुढं सरकून बघत राहिली, मीही.

"हललं ते?" मी विचारलं.

"त्यातलं एक पान माळेच्या माथ्याचं," ती म्हणाली. "4096. तेवढं द्यावंच लागतं, मामा."