महागाची स्वस्त नक्कल नको

मेहकर असो, चिखली असो की खामगाव, स्वयंपाकाची आवड असलेल्या मैत्रिणीसाठी ५०० रुपयांच्या आत काहीतरी द्यायचं म्हणून दुकानात गेलं, की समोर ठरावीक वस्तू येतात. सहा सुऱ्यांचं रंगीत खोकं, पातळ पत्र्याचा नॉनस्टिक पॅन आणि नाहीच काही पटलं तर काचेच्या वाट्यांचा सेट. तिन्ही दिसायला भारी आणि चमकदार कागदात छान बसणाऱ्या. पण पहिल्या दोन वस्तू महागड्या वस्तूंच्या स्वस्त नकला आहेत आणि तिसरीचा स्वयंपाकाशी संबंध नाही, वाढण्याशी आहे. ५०० रुपयांत एक बऱ्यापैकी सुरी येते, सहा येत नाहीत. त्या पैशात सहा आल्या म्हणजे सहाही वाईट आल्या. म्हणून पैसे मोजके असतील तेव्हा जी वस्तू मुळातच स्वस्त आहे, तिच्यातली सर्वांत उत्तम निवडावी. तवा, खल, झारा, मिरची, हळद या गोष्टींत उत्तम आणि सुमार यांच्या किमतीत फारसं अंतर नसतं, गुणात मात्र खूप असतं. ही साधी गोष्ट लक्षात येत नाही, कारण काही समज वाटेत आडवे येतात.

त्यातला पहिला म्हणजे स्वस्त भेट दिली की आपला कमीपणा दिसतो. लग्नाच्या आहेराची वही ठेवणाऱ्या समाजात हा समज असणं स्वाभाविक आहे. पण याच समाजात संक्रांतीचं वाणही आहे. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत घरोघरी हळदीकुंकू होतं आणि गाळणी, चाळणी, डबी, चमचा अशी दहा-वीस रुपयांची स्वयंपाकघरातली वस्तू वाण म्हणून लुटली जाते. तिची किंमत कुणी काढत नाही. पाहिलं जातं ते ती घरात वापरली जाते का एवढंच. एक दोष मात्र वाणातही आहे. पन्नास जणींसाठी एकच वस्तू घाऊक भावात आणायची म्हटल्यावर ती कुणा एकीसाठी निवडलेली नसते, आणि त्यामुळेच प्लास्टिकच्या किसण्या माळ्यावर साठत जातात. मैत्रिणीची भेट एकटीसाठी असते. म्हणून वाणाकडून उपयोगाचा आग्रह घ्यावा, घाऊकपणा घेऊ नये.

स्टीलच्या बाबतीतला समज तर दुकानदार आणि गिऱ्हाईक दोघांनी मिळून जपलेला आहे: चुंबक चिकटलं की स्टील खोटं, नाही चिकटलं की अस्सल. स्टेनलेस म्हणजे किमान साडेदहा टक्के क्रोमियम असलेलं पोलाद. चुंबकाचा त्या व्याख्येशी संबंध नाही. चांगलं समजलं जाणारं ३०४ जातीचं स्टील, ज्यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं, ते चुंबकाला दाद देत नाही, हे खरं. पण २०१ आणि २०२ जातींची स्वस्त स्टीलंही देत नाहीत. त्यांत महागडं निकेल कमी करून मँगनीज वाढवलेलं असतं आणि मीठ-आंबटापुढे ती ३०४ पेक्षा लवकर हार मानतात. उलट ४३० जातीचं स्टील चुंबकाला घट्ट चिकटतं, तरी ते अस्सल स्टेनलेसच असतं; इंडक्शन शेगडीवर चालणाऱ्या भांड्यांच्या बुडाला असंच चुंबकाला धरणारं स्टील लागतं. म्हणजे चुंबकाच्या परीक्षेत हलकं स्टील पास होतं आणि मैत्रिणीच्या इंडक्शनला हवं ते नापास. त्यापेक्षा आयएसआय चिन्ह पाहावं. स्टीलच्या भांड्यांसाठी आयएस १४७५६ हे भारतीय मानक आहे आणि स्टील व ॲल्युमिनियमच्या भांड्यांना हे चिन्ह सक्तीचं करण्याचा आदेश केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये काढला. चिन्हानंतर भांडं हातात घेऊन बुडाची जाडी पाहावी. पातळ बुडाच्या पातेल्यात दूध लागतंच, मग स्टील कोणत्याही जातीचं असो.

खरी चैन दगडात आहे, आणि वऱ्हाडात तर ती परवडणारी चैन आहे. भेटवस्तूंच्या दुकानांत हल्ली पांढऱ्या संगमरवराचा छोटा खलबत्ता मिळतो. दिसायला देखणा, म्हणून तोच चांगला असं वाटतं. पण संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. लिंबू किंवा चिंच लागली की त्याची झिलई जाते, पृष्ठभाग खाल्ला जातो आणि जे झिजतं ते अन्नात उतरतं. काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट, त्याहून बराच कठीण असतो आणि स्वयंपाकातलं आंबट त्याचं काही बिघडवत नाही. मेहकर ज्या जमिनीवर उभं आहे ती सगळी या लाव्हाच्या दगडाचीच. शेजारच्या लोणारचं विवर याच खडकात पडलेलं आहे म्हणून जगभरचे भूशास्त्रज्ञ ते पाहायला येतात. पाटे-वरवंटे आणि खल घडवणारे वडार आणि पाथरवट कारागीर याच दगडावर पिढ्यान्‌पिढ्या टाकी चालवत आले. आठवडी बाजारात किंवा रस्त्याकडेला असा लहान खल दिसला, तर तळहात आत फिरवून पाहावा. आतली बाजू थोडी खरखरीत हवी, गुळगुळीत खलात लसणाची पाकळी नुसती घसरत राहते. नव्या दगडाची कच मात्र अन्नात येते, म्हणून देण्याआधी त्यात मूठभर तांदूळ कुटावे, टाकावे, पुन्हा कुटावे. पीठ करड्या रंगाचं न निघता पांढरं निघालं की खल तयार झाला. ही मेहनत देणाऱ्याने करून दिली तर भेटीची किंमत न वाढता मोल वाढतं. यावर हमखास येणारा आक्षेप असा, की मिक्सर असताना खल कोण वापरणार? रोजच्या वाटणाला कुणी वापरणार नाही, हे मान्य. पण मिक्सरचं पातं चिरतं आणि बत्ता चेचतो. भाजलेली मिरची, लसूण, शेंगदाणे आणि जाड मीठ चेचून झालेल्या ठेच्यात मिरचीचे तंतू राहतात, दाण्याचा तुकडा दाताखाली येतो. मिक्सरमध्ये त्याचीच चटणी होते. ज्याला स्वयंपाकाची आवड आहे, त्याला हा फरक कळतो.

नॉनस्टिकबद्दलचे दोन्ही टोकांचे समज चुकीचे आहेत. ते विष आहे असं म्हणणारे दोन वेगळ्या रसायनांची गल्लत करतात: ज्याच्यामुळे बोभाटा झाला ते पीएफओए उत्पादनात वापरलं जायचं, आणि बड्या उत्पादकांनी ते २०१५ पर्यंत थांबवलं. तव्यावरचा थर पीटीएफईचा असतो, आणि नेहमीच्या मंद-मध्यम आचेला तो टिकतो. ते निर्धोक आहे म्हणणारे हे विसरतात, की साधारण २६० अंशांपुढे हा थर खराब होऊ लागतो आणि पातळ, रिकामा पॅन मोठ्या आचेवर काही मिनिटांतच तिथवर पोहोचतो. वऱ्हाडी स्वयंपाकात तर मोठ्या आचेची कामं पावलोपावली: भाकरी, भाजलेल्या मिरच्या, कोरडं खोबरं, फोडणी. त्यासाठी लोखंडी तवा हवा, आणि जाड लोखंडी तवा ५०० रुपयांत बसतो. घिसाडी लोक रस्त्याकडेला भाता लावून तवे, विळ्या, चिमटे घडवतात. दुकानातल्या भेटवस्तूंच्या फळीपेक्षा तिथे आधी पाहावं.

लोखंडाने अंगात रक्त वाढतं, हा समज मात्र निम्मा खरा आहे. इथिओपियातल्या लहान मुलांवरचा एक अभ्यास १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. ॲल्युमिनियमच्या भांड्यांपेक्षा लोखंडी भांड्यांत शिजवलेलं खाणाऱ्या मुलांचं हिमोग्लोबिन अधिक सुधारलं, असं त्यात दिसलं. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला, तेव्हा ही गोष्ट दुर्लक्ष करण्याजोगी नाही. तरी लोह उतरतं ते प्रामुख्याने आंबट आणि रसदार पदार्थांत. तव्यावरच्या कोरड्या भाकरीत ते फारसं उतरत नाही. रक्तक्षयाचं औषध म्हणून तवा देऊ नये, तवा म्हणूनच द्यावा. लोखंडी कढई देणार असाल तर आंबट आमटी शिजल्याबरोबर दुसऱ्या भांड्यात काढावी लागते आणि वांग्याची भाजी काळपट होते, हेही सांगून ठेवा. तवा गंजतो हा आक्षेपही रास्त आहे. त्यावर उपाय म्हणजे तो घासून, तापवून, तेलाचा अगदी पातळ हात फिरवून पुन्हा तापवायचा, आणि हे काही वेळा करायचं. तेल तापून लोखंडावर कडक पापुद्र्यासारखं बसतं. कोऱ्या तव्यापेक्षा असा तयार तवा दिलेला बरा. पितळेची गोष्ट वेगळी. पितळी पातेलं शोभिवंत खरं, पण आतून कल्हई नसेल तर ताक, आमटी कळकते. कल्हईचं कथील २३२ अंशांनाच वितळतं, म्हणजे रिकामं भांडं आचेवर विसरलं की कल्हई गेली. कल्हईवाला गल्लीत येत नसेल तर पितळ ही भेट राहत नाही, कटकट होते.

सुरी भेट दिली तर मैत्री तुटते, हा समज आपल्याकडेच आहे असं नाही. युरोपातही आहे, आणि तिथला तोडगाही जुना आहे: घेणाऱ्याने एक नाणं परत द्यायचं, म्हणजे ती भेट राहत नाही, विक्री होते. ज्यांना मनात किंतु असेल त्यांनी एक रुपया घ्यावा आणि मोकळं व्हावं. सुरीबद्दलचा धोक्याचा समज दुसराच आहे, बोथट सुरी सुरक्षित असते हा. बोथट पात्याला जास्त जोर लावावा लागतो आणि जोर लावलेलं पातं टोमॅटोच्या सालीवरून घसरून बोटावर येतं. घरात सुऱ्या असतीलच, तर धारेचा दगड द्यावा. तो सुरीपेक्षा स्वस्त पडतो आणि घरातल्या सगळ्या सुऱ्या नव्या करतो.

खाऊन संपते ती कसली भेट, असं म्हणणाऱ्यांना एवढंच विचारावं, की न संपणाऱ्या भेटी कुठे आहेत? बहुधा माळ्यावर. आवड असलेल्याकडे सगळं असतंच, या अडचणीला खरं उत्तर साहित्यात आहे, कारण साहित्य दुसऱ्यांदा आलं तरी नकोसं होत नाही. वायगावची हळद आणि भिवापूरची मिरची ही विदर्भातली भौगोलिक मानांकन मिळालेली पिकं आहेत. वाशीम-हिंगोलीची हळद तर मेहकरच्या शेजारची. मसाला द्यायचा तर खडाच द्यावा. दळल्यावर सुगंधी तेलं उडायला लागतात, म्हणून पूड काही महिन्यांत मंदावते आणि खडा मसाला वर्षभर सहज टिकतो. दगडफूल, नागकेशर, जायपत्री, शहाजिरे, बदामफूल थोडं-थोडं घेऊन काचेच्या लहान बरण्यांत भरलं, की ५०० रुपयांच्या आत काळ्या मसाल्याची अशी तयारी होते, जी तयार पाकिटातून मिळत नाही. अख्खी वस्तू म्हणजे शुद्ध, असं मात्र समजू नये. बांगलादेशात हळकुंडांना झळाळी यावी म्हणून लेड क्रोमेट, म्हणजे शिशाचा पिवळा रंग, लावला जात असल्याचं २०१९ मध्ये संशोधकांनी दाखवून दिलं. झगझगीत पिवळी हळकुंडं टाळावीत. मातकट दिसणारी घ्यावीत.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. आपल्याकडे भांड्यावर मशीनने नाव आणि तारीख घालून घ्यायची पद्धत आहे. ते काम भेट देऊन, विचारून झाल्यावर करा. नाव घातलेलं भांडं दुकानदार बदलून देत नाही.