उत्तरेला स्कीइंगला निघताना थंडीआधी उजेडाचा विचार

परदेशात बर्फात जायचं म्हटलं की हल्ली नाशिकच्या घरांतही फिनलंडच्या लॅपलंडचं नाव निघतं, आणि बेत बहुधा नाताळचा ठरतो. मुलांना सुट्टी असते, बर्फ असणारच, सांताक्लॉजचं गावही तिथेच. नुसता बर्फ बघायचा आणि सांताला भेटायचं असेल तर खुशाल जावं. पण स्की शिकायचं असेल, तर अख्ख्या हंगामातला हाच काळ सर्वांत गैरसोयीचा असतो.

कारण थंडी नाही, उजेड. लेव्ही हे फिनलंडमधलं मोठं स्की केंद्र आर्क्टिक वृत्ताच्याही उत्तरेला आहे. डिसेंबरच्या उत्तरार्धात तिथे सूर्य क्षितिजावर येतच नाही. म्हणजे चोवीस तास काळाकुट्ट अंधार असतो का? तसंही नाही. दुपारच्या सुमारास काही तास निळसर संधिप्रकाश असतो आणि स्कीच्या उतारांवर दिवे लावलेले असतात. सराईत माणसाचं त्यावर भागतं. नवशिक्याला मात्र सावल्या लागतात. सावली नसली की समोरचा पांढरा पृष्ठभाग एकसारखा दिसतो. खळगा कुठे, उंचवटा कुठे, हे पाय तिथे पोहोचल्यावरच कळतं. नाशिकचा सर्वांत लहान दिवसही जवळपास ११ तासांचा असतो, त्यामुळे सहल आखताना उजेडाचा हिशेब करायची आपल्याला सवयच नसते.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात चित्र पालटतं. तेव्हा लॅपलंडमध्येही दिवस १२ तासांचा होतो, एप्रिलच्या मध्यावर तो १५ तासांच्या पुढे जातो, आणि हिवाळाभर साठत आलेला बर्फही याच सुमारास सर्वांत खोल असतो. ‘एप्रिलमध्ये कसला बर्फ!’ हे आपण आपल्या उन्हाळ्यावरून ठरवतो. लेव्ही आणि रुका या स्की केंद्रांचे उतार साधारण मेच्या सुरुवातीपर्यंत चालू असतात. शाळकरी मुलं असलेल्या घरांना तर हे सोयीचंच: वार्षिक परीक्षा आटोपून निघालं तरी हंगाम हातात असतो. ध्रुवीय प्रकाश बघायची इच्छा असेल तर मात्र मार्चमध्येच जावं, कारण एप्रिलच्या उत्तरार्धात रात्र पुरेशी काळोखी होत नाही. दिवाळीच्या सुट्टीतही काही उतार उघडतात, पण ते बहुतेक मागच्या हिवाळ्यातला बर्फ झाकून, राखून ठेवून तयार केलेले असतात. पहिल्या सहलीसाठी तो काळ मी सुचवणार नाही.

स्कीइंग म्हणजे हिमालयाएवढे उंच डोंगर आणि विरळ हवा, हीदेखील अशीच एक समजूत. लेव्हीचा माथा समुद्रसपाटीपासून ५३१ मीटरवर आहे. आपलं नाशिक शहरच त्याहून उंचावर वसलं आहे! कळसूबाई तर १,६४६ मीटर. उत्तरेत बर्फ टिकतो तो अक्षांशामुळे, उंचीमुळे नाही. विरळ हवेचा विचार गुलमर्गला करावा लागतो. तिथला गोंडोला अफरवटवर जवळपास ४,००० मीटरपर्यंत नेतो.

आता थंडीकडे येऊ. आकडे खरंच मोठे आहेत. लेव्ही ज्या कित्तिला नगरपालिकेत येतं, तिथल्याच पोक्का गावी २८ जानेवारी १९९९ रोजी उणे ५१.५ अंश नोंदले गेले. फिनलंडचा तो नीचांक आहे. पण तो एका दिवसाचा विक्रम. लॅपलंडमध्ये भर हिवाळ्यात सरासरी उणे १० ते उणे १५ असते, अधूनमधून उणे ३० पर्यंत जाते, आणि एप्रिलमध्ये दुपारी पारा अनेकदा शून्याच्या वर येतो. निफाडला पारा ५ अंशांखाली गेला की द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात आणि घरातही हुडहुडी भरते, कारण आपली घरं थंडीसाठी बांधलेलीच नसतात. फिनलंडमध्ये घरात, बसमध्ये, दुकानात ऊब असते. थंडी सोसायची ती बाहेर असताना, आणि तेव्हा अंग हलत असतं.

म्हणून ‘एकच जाडजूड जॅकेट घेतलं की झालं’ हा हिशेब चुकतो. स्की करताना घाम येतो. अंगात सुती बनियन असेल तर ते ओलं होतं, लवकर वाळत नाही, आणि लिफ्टवर बसल्या बसल्या अंग गारठतं. अंगालगत मेरिनो लोकरीचा किंवा सिंथेटिक थर, त्यावर फ्लीस आणि सर्वांत वर वारा-पाणी अडवणारं जॅकेट, असे तीन थर हवेत. मोज्यांच्या बाबतीत तर हमखास घोटाळा होतो. दोन जोड चढवले की स्कीचा बूट आवळतो, रक्त नीट खेळत नाही आणि बोटं उलट जास्त गार पडतात. एकच लांब लोकरी मोजा पुरतो. बूट घालून ताठ उभं राहिल्यावर अंगठा पुढे निसटता टेकावा, गुडघे वाकवून नडगी बुटावर दाबली की तो किंचित मागे यावा. ही खात्री दुकानातच करावी. पाच मिनिटं जास्त लागली तरी चालतील.

हे बूट, स्की, काठ्या, हेल्मेट सगळं तिथे भाड्याने मिळतं. विकत काही घ्यायचंच असेल तर चांगले हातमोजे आणि गॉगल घ्या, आणि सनस्क्रीन विसरू नका. वसंतात बर्फावरून परतलेल्या उन्हाने चेहरा भाजतो.

आधी तोंडओळख करून घ्यायची असेल, तर गुलमर्गला केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची भारतीय स्कीइंग व गिर्यारोहण संस्था आहे. तिथे हिवाळ्यात स्कीइंगचे वर्ग भरतात. स्कीची पुढची दोन्ही टोकं जवळ आणून ‘व्ही’ करत वेग कमी करायचा आणि थांबायचं, एवढं जमलं तरी लॅपलंडचा पहिला दिवस सोपा जातो.

खाण्यापिण्याची काळजी स्वयंपाकघर असलेली केबिन घेतली की बरीच मिटते. थालीपिठाची भाजणी, मेतकूट, चिवडा न्यावा. तूप, पनीर, खवा मात्र नाही, कारण बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपीय संघात नेता येत नाहीत. ताज्या फळांनाही वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं. केळी, नारळ, अननस, खजूर आणि ड्युरियन एवढ्यांनाच सूट आहे. नाशिकची द्राक्षं कंटेनरने युरोपात जातात ती अशी कागदपत्रं घेऊनच. तिथल्या नातेवाइकांसाठी एखादी पेटी सामानात टाकायची असेल तर हे लक्षात ठेवा.

राहिला व्हिसा. ‘ज्या देशाचा लवकर मिळतो त्याचा शेंगेन व्हिसा काढायचा’ हा सल्ला ऐकू नका. मुख्य मुक्काम जिथे, त्याच देशाकडे अर्ज करायचा असतो, प्रवासाच्या ६ महिने आधीपासून आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी. त्यासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे. पण तो काढला म्हणजे स्कीइंगचा अपघातही त्यात आलाच, असं धरून चालू नका. बऱ्याच पॉलिसींत हिवाळी खेळांचं संरक्षण वेगळं घ्यावं लागतं, आणि ते घेतलं तरी आखलेल्या उतारांबाहेर झालेली दुखापत वगळलेली असू शकते. हप्ता भरण्यापूर्वी पॉलिसीतलं ते कलम एजंटाकडून दाखवून घ्या आणि स्वतः वाचा.